रक्तदाब, मीठ, साखर, आम्ल: शरीर पातळ्या कशी सांभाळतं आणि घाईने दुरुस्त केल्यावर काय बिघडतं

धमनी

तपासणीचा कागद हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. सोडियम १२४, पोटॅशियम ५.९, रक्तदाब १८०/१०५. लगेच प्रश्न येतो की हे नॉर्मल कसं करायचं. या धाग्यात त्याच्या आधीचे तीन प्रश्न घेऊ या. ही पातळी एरवी कोण सांभाळतं? किती वेगाने? आणि ती इथवर यायला किती दिवस लागले? उपचार किती जोरात करायचा ते या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

शरीराचं अंतर्गत वातावरण स्थिर राहतं ही कल्पना एकोणिसाव्या शतकात क्लोद बर्नार यांनी मांडली. १९२६ मध्ये वॉल्टर कॅनन यांनी त्याला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिलं. प्रत्येक पातळीमागे एक मोजणारा असतो, त्या मोजमापाची अपेक्षित आकड्याशी तुलना करणारं केंद्र असतं आणि फरक भरून काढणारा अवयव असतो. मज्जातंतू काही सेकंदांत काम करतात, श्वास काही मिनिटांत, संप्रेरकं मिनिटांपासून तासांत आणि मूत्रपिंडं दिवसांत.

रक्तदाबापासून सुरुवात करतो. माणूस आडवा असताना उभा राहिला की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटातल्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, दाब पडू लागतो. मानेतल्या कॅरॉटिड धमनीच्या फाट्यापाशी आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी टोकं असतात. भिंत कमी ताणली गेली की त्यांचे संदेश विरळ होतात. मेंदूच्या बुडाशी असलेला मेडुला ते वाचतो आणि पुढच्या काही ठोक्यांतच नाडी वाढवतो, धमन्या आणि शिरा आवळतो. मागाहून रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन ही रक्तातल्या रसायनांची साखळी मीठ आणि पाणी धरून ठेवते.

आता महत्त्वाचा भाग. दाब एक-दोन दिवस सतत चढा राहिला तर ही ताण ओळखणारी टोकं तोच दाब नेहमीचा धरू लागतात. म्हणून जुना उच्च रक्तदाब ती खाली आणत नाहीत, उलट त्याच पातळीवर टिकवतात. दीर्घकाळचा दाब ठरतो तो मूत्रपिंडं किती दाबाला किती मीठ बाहेर टाकतात यावर. मेंदूच्या रक्तवाहिन्याही अशाच सरावतात. निरोगी माणसात सरासरी दाब (वरच्या आणि खालच्या आकड्यांवरून काढलेला) साधारण ६० ते १५० मिमीच्या (पाऱ्याच्या मिलिमीटरच्या) दरम्यान कुठेही असला तरी मेंदूचा रक्तपुरवठा जवळपास सारखा राहतो. जुन्या रुग्णात हा पट्टा वर सरकलेला असतो. इतरांना चालणारा दाब त्याच्या मेंदूला कमी पडू शकतो.

मोजमाप, सोडियम, पोटॅशियम, साखर, श्वास यांवर जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मोजपट्टी

धाग्याबद्दल आभार. मोजमापावर लिहितो, कारण चुकीच्या आकड्यावर उपचार सुरू होणं फार वेळा घडतं.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. तुंबलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा सहज १० मिमीने चढतो. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. पायावर पाय नको. पट्टा कपड्यावरून बांधू नका आणि बाही वर गुंडाळून दंड आवळू नका. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून साधारण दोन बोटं वर, नळी दंडाच्या आतल्या बाजूला. हात टेबलावर असा टेकवा की पट्ट्याचा मध्य छातीच्या मधल्या हाडाच्या मध्यावर, म्हणजे हृदयाच्या उंचीला येईल.

उंचीचा हा मुद्दा किरकोळ नाही. दंड हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला तर रक्ताच्या स्तंभाच्या वजनामुळे आकडा ७ ते ८ मिमीने जास्त येतो, वर राहिला तर तेवढाच कमी. हात मांडीवर ठेवून मोजलेला १४४ हा खरा १३६ असू शकतो. मनगटावरच्या यंत्रांची बरीचशी गडबड हीच असते.

पट्ट्याचं माप दुसरं. आत फुगणाऱ्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के हवी, रुंदी साधारण ४० टक्के. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा खोटा चढतो, बारीक दंडाला मोठा लावला की खोटा उतरतो. यंत्र घेण्याआधी टेपने दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेत तो बसतो का ते बघा.

पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा आणि जास्त येतो तो हात पुढे कायम ठेवा. दोन हातांत १५ ते २० मिमीचा फरक दरवेळी येत असेल तर तो डॉक्टरांना सांगण्याजोगा आहे, एखादी धमनी अरुंद झालेली असू शकते.

पहाटवारा

उपयुक्त. दोन मिनिटांच्या अंतराने मोजलं तरी १४८, १३९, १४३ असे वेगवेगळे आकडे येतात. यंत्र बिघडलंय असं समजायचं का?

मोजपट्टी

@पहाटवारा, नाही. श्वासागणिकसुद्धा दाब काही मिमीने हलतो. म्हणून एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नसतो. सकाळी औषधाआधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून, असं ७ दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस वगळा, उरलेल्यांची सरासरी काढा. घरच्या मोजमापात ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर दाब वाढलेला धरतात, दवाखान्यातल्या मोजमापात १४०/९०. नाडी अनियमित असेल, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर स्वयंचलित यंत्राचा आकडा जास्तच उड्या मारतो. तिथे तीन वेळा मोजून सरासरी घ्या.

उभं राहिल्यावर भोवळ येत असेल तर वेगळी पद्धत. ५ मिनिटं आडवं पडून मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० मिमीने पडला तर ती उभं राहिल्यावरची दाबघट. याच वेळी नाडीही लिहा. दाब पडला आणि नाडी चांगली वाढली तर शरीरातलं पाणी किंवा रक्त कमी असण्याचा संशय. दाब पडला आणि नाडी जेमतेम हलली तर मज्जातंतूंचं काम बिघडलेलं असू शकतं (जुना मधुमेह, पार्किन्सन) किंवा नाडी रोखणारी गोळी सुरू असते. दाब न पडता १० मिनिटांत नाडी ३० पेक्षा जास्त वाढली आणि त्रास होत असेल तर तो वेगळाच विकार आहे, त्याला दाबघट म्हणत नाहीत.

अभ्यासू

@धमनी, घरी १९०/११० आला आणि काहीच त्रास नसेल तर लगेच जिभेखाली गोळी ठेवून उतरवायचा, असं सर्रास सांगितलं जातं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे हे चुकीचं ठरतं?

धमनी

@अभ्यासू, हो, आणि धोकादायकही. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत याच कारणाने बंद झाली. दाब कोसळून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आले होते.

दाब फार चढलेला असताना आधी बघायचं की अवयवांना इजा होतेय का. छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, नजर अंधुक होणं, गोंधळलेपण, झटके, गरोदरपण. यातलं काही असेल तर वेळ न घालवता रुग्णालय. तिथेही शिरेतून औषध देताना पहिल्या तासात सरासरी दाब २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरवत नाहीत, मग पुढच्या २ ते ६ तासांत १६०/१०० च्या आसपास आणतात. सरासरी दाब म्हणजे खालचा आकडा अधिक दोन आकड्यांतल्या फरकाचा एक तृतीयांश. १९०/११० ला तो साधारण १३७ होतो.

यातला काही त्रास नसेल तर शांत बसून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. चुकलेली गोळी असेल तर ती नेहमीच्या मात्रेत घ्या आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. मात्रा स्वतःहून दुप्पट करू नका.

दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा, ते उलट टोकांचे आहेत. महाधमनीची भिंत चिरली असेल तर वरचा दाब मिनिटांत १२० च्या खाली आणावा लागतो. गुठळीने झालेल्या पक्षाघातात, गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं नसेल तर, २२०/१२० पर्यंतचा दाब बहुतेक वेळा मुद्दाम तसाच ठेवतात. अर्धमेल्या भागाला तेवढ्या दाबानेच थोडं रक्त पोचत असतं.

नेफ्रॉन

सोडियम घेतो. घाईचं नुकसान सगळ्यात भीषण इथेच दिसतं.

रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर. हा आकडा मिठाचा साठा सांगत नाही, मीठ आणि पाण्याचं प्रमाण सांगतो. साठा जास्त असूनही आकडा कमी असू शकतो: पाय सुजलेला हृदयविकाराचा रुग्ण, सोडियम १२६. त्याच्या शरीरात मीठ जास्तच आहे, पाणी त्याहून जास्त.

प्रमाण सांभाळायचं काम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचं. रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, २८५ च्या आसपास असते. ती जेमतेम १ टक्का वाढली की एडीएच हे संप्रेरक सुटतं, मूत्रपिंडं पाणी राखतात, लघवी गडद होते. थोडी आणखी वाढली की तहान लागते. उलट दिशेला एडीएच बंद होतं आणि लघवी पाण्यासारखी पातळ होते, ऑस्मोलॅलिटी ५० पर्यंत. गडद करण्याची कमाल मर्यादा १२०० च्या आसपास. पण शरीरातलं पाणी खरोखर घटलं असेल, म्हणजे रक्ताचं आकारमान ५ ते १० टक्के कमी झालं असेल, तर एडीएच आकड्याची पर्वा न करता सुटतं. शरीर आधी रक्तदाब वाचवतं, सोडियम नंतर. जुलाबाच्या रुग्णाने नुसतं पाणी पीत राहिल्यावर सोडियम पडतं ते याचमुळे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तहान नसताना पाणी पीत राहणाऱ्यांचंही तसंच होतं.

आता मेंदू. सोडियम पडलं की पाणी पेशींत शिरतं आणि मेंदू फुगू लागतो. कवटी तर वाढत नाही. म्हणून पेशी आपल्यातलं पोटॅशियम आणि काही सेंद्रिय रेणू बाहेर टाकतात आणि साधारण ४८ तासांत जवळपास मूळ आकाराला येतात. म्हणून एका दिवसात १२२ वर आलेल्याला झटके येऊ शकतात आणि महिनाभर १२२ असलेला माणूस चालतबोलत, फार तर थोडा अडखळत, दवाखान्यात येतो.

त्या दुसऱ्या माणसाला एका दिवसात १३८ वर नेलं तर? पेशींनी बाहेर टाकलेले रेणू इतक्या लवकर परत येत नाहीत. पाणी झपाट्याने बाहेर ओढलं जातं, चेतातंतूंवरचं वेष्टण सुटतं, विशेषतः मेंदूच्या पॉन्स भागात. फसवी गोष्ट अशी की आधी माणूस सुधारलेला दिसतो आणि २ ते ६ दिवसांनी बोलणं, गिळणं, हातपाय जातात. म्हणून जुन्या घटीत २४ तासांत ८ मिलिमोलपेक्षा जास्त वाढ होऊ द्यायची नाही. दारूचं व्यसन, कुपोषण, यकृताचा आजार, पोटॅशियमची घट असेल तर अधिकच जपून.

झटके किंवा बेशुद्धी असेल तेव्हा मात्र थांबायचं नाही. ३ टक्के सलाइन १०० ते १५० मिली १० मिनिटांत, गरज पडली तर पुन्हा. सोडियम ४ ते ६ ने वाढलं की मेंदूवरचा दाब उतरतो. तिथे थांबायचं.

कुठे फसतं तेही सांगतो. रुग्णाला साधं सलाइन दिलं, रक्ताचं आकारमान भरलं, एडीएच अचानक बंद झालं आणि तासाला १०० मिलीपेक्षा जास्त पातळ लघवी सुरू झाली. आता सोडियम आपोआप चढतं, कुणी काही दिलेलं नसतानाही. म्हणून लघवी दर तासाला मोजायची आणि सोडियम दर ४ ते ६ तासांनी तपासायचं.

अभ्यासू

मग सोडियम कमी आलं की जेवणात मीठ वाढवा हा सल्ला?

नेफ्रॉन

बहुतेक वेळा चुकीचा. आधी कारण. वयस्क माणसात थायाझाइड गटातली दाबाची गोळी हे फार नेहमीचं कारण आहे, विशेषतः ती नव्याने सुरू झाली असेल तर. नैराश्यावरच्या काही गोळ्या एडीएच वाढवतात, तिथे पाणी मोजून पिणं हा उपाय असतो. हृदय किंवा यकृताच्या आजारात मीठ वाढवलं तर सूज वाढेल. थायरॉइड आणि अॅड्रिनल ग्रंथीही बघाव्या लागतात.

आणि साखर बघा. साखर खूप चढली की ती पेशींतलं पाणी बाहेर ओढते आणि सोडियम कमी दिसतं. १०० च्या वर दर १०० मिलिग्रॅम साखरेला सोडियममध्ये साधारण १.६ मिळवून वाचा. साखर ५००, सोडियम १३० असेल तर दुरुस्त आकडा १३६ च्या पुढे जातो.

मीठ लागतं ते जुलाबात, आणि तेही पाणी आणि ग्लुकोजसोबत. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहकातून जोडीने शिरतात आणि पाणी त्यांच्या मागे जातं. जुलाब कितीही असले तरी हा वाहक बहुधा शाबूत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या ओआरएसमध्ये लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं, एकूण ऑस्मोलॅरिटी २४५. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा ५ मिलीचा. साखर वाढवली की जुलाब वाढतात, मीठ वाढवलं तर लहान मुलाचं सोडियम धोकादायक चढतं. लिटरचं पाकीट पेल्यात थोडंथोडं विरघळवणं ही चूक फार होते. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्येच.

परीक्षानळी

पोटॅशियमवर प्रयोगशाळेच्या बाजूने. शरीरातलं साधारण ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर ३.५ ते ५.० मिलिमोल, आत १४० च्या आसपास. त्यामुळे नमुन्यातल्या पेशी थोड्या जरी फुटल्या तरी आकडा चढतो.

दंडाला पट्टा बांधून दोन-तीन मिनिटं ठेवला, मूठ पुन्हापुन्हा उघडबंद करायला लावली, बारीक सुईने जोरात ओढलं, सिरिंजमधून नळीत रक्त दाबून सोडलं, नळी जोरात हलवली: यातल्या प्रत्येकाने पोटॅशियम खोटं वाढतं. पट्टा एक मिनिटाच्या आत सोडायचा. पेशी वेगळ्या न केलेलं रक्त फ्रिजमध्ये ठेवलं की पेशींचे पंप मंदावतात आणि पोटॅशियम झिरपतं. प्लेटलेट्स ५ लाखांच्या बऱ्याच वर असतील तर रक्त गोठतानाही ते सुटतं, अशा वेळी हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत प्लाझ्मा तपासायचा.

आणखी एक खूण नेहमी बघावी. पोटॅशियम ९, कॅल्शियम ४ आणि माणूस ठणठणीत. ही जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या पोटॅशियम ईडीटीएची (रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या रसायनाची) भेसळ. ते पोटॅशियम वाढवतं आणि कॅल्शियम बांधून टाकतं. म्हणून जांभळी नळी लाल, पिवळ्या आणि हिरव्या नळीनंतर भरायची आणि एका नळीतलं रक्त दुसरीत कधीच ओतायचं नाही.

औषधपेटी

@परीक्षानळी, उत्तम. पण खोटा असेल म्हणून वाढीव आकडा बाजूला ठेवू नये, हे जोडतो. ६.० च्या वर असेल तर लगेच ईसीजी आणि नवा नमुना, दोन्ही एकाच वेळी. ईसीजीच्या आलेखात टोकदार उंच टी लहर, रुंदावलेला क्यूआरएस (ठोक्याचा मुख्य भाग) दिसला तर नमुन्याची वाट न बघता १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. त्याने पोटॅशियम उतरत नाही, हृदयाच्या पेशींचा पडदा स्थिरावतो. मग इन्शुलिन आणि ग्लुकोज, जे पोटॅशियम पेशीत ढकलतं. हा तात्पुरता बंदोबस्त. शरीराबाहेर ते लघवीतून, शौचातून किंवा डायलिसिसनेच जातं.

घरी ज्यावर लक्ष ठेवता येईल ते म्हणजे औषधांची बेरीज. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेली दाबाची गोळी, सोबत स्पायरोनोलॅक्टोन, गुडघ्यासाठी दुकानातून घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, आणि 'कमी सोडियमचं' म्हणून आणलेलं मीठ. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड थोडं जरी कमजोर असेल तर ही चौकडी पोटॅशियम धोक्याच्या पातळीला नेते. प्रिल, सार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिअॅटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) तपासायलाच हवं.

कमी झालेलं पोटॅशियम गोळ्या देऊनही चढत नसेल तर मॅग्नेशियम बघा. ते कमी असेल तोवर मूत्रपिंडं पोटॅशियम गळू देतात.

आणि धाग्याच्या मूळ मुद्द्याला धरून: औषध एकदम थांबवणं हीसुद्धा घाईच. क्लोनिडिन हे दाबाचं औषध अचानक बंद केलं की एक ते तीन दिवसांत दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. बीटा ब्लॉकर (नाडी रोखणारी गोळी) अचानक सोडली तर नाडी आणि छातीतलं दुखणं वाढतं, कारण दरम्यान हृदयावरचे अॅड्रिनलिन ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) वाढलेले असतात. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त असं तीन-चार आठवड्यांहून अधिक घेतलं असेल तर अॅड्रिनल ग्रंथी झोपलेली असते. गोळी थांबवली आणि त्याच आठवड्यात ताप आला तर दाब, साखर आणि सोडियम तिन्ही एकदम कोसळू शकतात.

ग्लुकागॉन

साखर. प्रौढाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज अवघं ५ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एक चहाचा चमचा. मेंदू एकटा तासाला तेवढंच वापरतो. तरी उपाशीपोटी आकडा ७० ते ९९ मध्ये राहतो, कारण यकृत तेवढ्याच वेगाने साठ्यातून सोडत असतं.

साखर उतरू लागली की शरीर टप्प्याटप्प्याने उत्तर देतं. ८० च्या आसपास इन्शुलिन थांबतं, ७० च्या खाली जाऊ लागल्यावर ग्लुकागॉन आणि अॅड्रिनलिन ही साखर वाढवणारी संप्रेरकं सुटतात, मग थरथर, घाम, धडधड. ५४ च्या खाली मेंदूला कमी पडू लागतं. हे उंबरठे सरकतात. महिनोन्‌महिने साखर ३०० असलेल्याला ११० वर सुद्धा घाम फुटतो. हा खरा कमीपणा नाही. मोजून बघा, ७० च्या वर असेल तर साखर ओतू नका, थोडं खाऊन शांत बसा आणि डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा हळूहळू वाढवा. याच्या उलट, वरचेवर साखर कमी होणाऱ्याचा उंबरठा खाली जातो आणि ५० वर सुद्धा काही जाणवत नाही. तो जास्त धोक्यात. त्याची लक्ष्यपातळी काही आठवडे मुद्दाम वर ठेवली की इशारे बऱ्याच अंशी परत येतात.

७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, गरज पडली तर तेवढंच पुन्हा. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीने शोषण लांबतं. अकार्बोज ही मधुमेहाची गोळी सुरू असेल तर साधी साखर चालत नाही, शुद्ध ग्लुकोजच हवं, कारण साखर फोडणारं विकरच त्या गोळीने अडवलेलं असतं. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला थरथर, धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. ग्लायमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीने उतरलेली साखर वर आली तरी काही तासांनी पुन्हा पडते, म्हणून अशा रुग्णाला लक्षाखाली ठेवतात.

उतरवण्याचा वेग इथेही मोजावा लागतो. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ११ वरून तीन महिन्यांत ७ वर आणलं तर आधीच खराब असलेला डोळ्याचा पडदा काही काळ बिघडू शकतो आणि पायांत तीव्र आग होऊ शकते. म्हणून आधी पडदा तपासून घ्यायचा. साखर बदलत असताना डोळ्याच्या भिंगातलं पाणीही बदलतं, त्या काळात चष्म्याचा नंबर काढू नये.

श्वासमापक

आम्ल-अल्काचं थोडक्यात. पीएच ७.३५ ते ७.४५. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं काही मिनिटांत हलवतात, आम्ल मारणारं बायकार्बोनेट मूत्रपिंडं ३ ते ५ दिवसांत. जुन्या सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद झालेल्या फुप्फुसांच्या आजारात) कार्बन डायऑक्साइड ६० असला तरी बायकार्बोनेट वाढवून पीएच जवळपास सावरलेला असतो. अशा रुग्णाला भरमसाट ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो आणि गुंगी येते. त्याच्यासाठी ऑक्सिजनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के. आणि व्हेंटिलेटरवर त्याचा कार्बन डायऑक्साइड झटक्यात ४० वर आणला तर साठलेलं बायकार्बोनेट तसंच राहतं, पीएच ७.५ च्या पुढे जाऊन झटके येऊ शकतात. त्याचा पीएच बघून यंत्र लावायचं, कार्बन डायऑक्साइडचा आकडा बघून नाही.

पहाटवारा

डोक्यातला दाब वाढला असं म्हणतात तेव्हा तो रक्तदाबच असतो का?

धमनी

@पहाटवारा, नाही. कवटीच्या आतला दाब प्रौढात आडव्या स्थितीत साधारण ७ ते १५ मिमी असतो. आत मेंदू, रक्त आणि सुमारे १५० मिली मेंदूद्रव असतो. हा द्रव दिवसाला अर्धा लिटर तयार होतो आणि तेवढाच शोषला जातो. गाठ, रक्तस्राव किंवा सूज वाढली की आधी द्रव आणि शिरांतलं रक्त बाहेर सरकतं, तोवर दाब फारसा वाढत नाही. ती जागा संपली की थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो.

मेंदूला मिळणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाब वजा कवटीतला दाब. तो ६० ते ७० हवा. कवटीतला दाब चढला की शरीर रक्तदाब वाढवून मेंदूला रक्त पोचवतं. रक्तदाब वर, नाडी मंद, श्वास अनियमित हे त्रिकूट दिसलं तर तिथे दाबाची गोळी देऊ नये. वाढलेला दाब मेंदू वाचवत असतो. सकाळी जास्त होणारी डोकेदुखी, उलटी, खोकल्याने किंवा वाकल्याने वाढणारं दुखणं, दोन-दोन दिसणं या लक्षणांवर विलंब न करता तपासणी.

डोळ्यातला दाब आणखी वेगळा, १० ते २१ मिमी. त्याचा दंडावरच्या आकड्यावरून अंदाज बांधता येत नाही, डोळ्यावरच मोजावा लागतो.

लक्षवेधी

वर जुलाबाचा उल्लेख आला. दाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दिवसांत काय करायचं?

औषधपेटी

@लक्षवेधी, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, कारण ऐनवेळी विचारायला वेळ नसतो. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड आपला गाळण-दाब अँजिओटेन्सिनच्या मदतीने टिकवतं. प्रिल आणि सार्टन नेमकी तीच मदत काढून घेतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी आणखी घटवतात. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडे येणारी रक्तवाहिनी आवळतात. मेटफॉर्मिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं, ते साठलं तर लॅक्टिक आम्ल वाढतं. 'ग्लिफ्लोझिन' नावाच्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या गटात साखर फार न चढताही किटोन्स (चरबी जळताना होणारी आम्लं) वाढू शकतात. म्हणून पाणी पोटात टिकत नसेल तर या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तेवढ्यापुरत्या थांबवतात, आणि खाणंपिणं नेहमीसारखं होऊन २४ ते ४८ तास झाले की पुन्हा सुरू करतात. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाने मात्र आधी विचारल्याशिवाय काहीच थांबवू नये.

दोन गोष्टी कधीही आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. टाइप १ मधुमेहातलं दीर्घकाळ काम करणारं इन्शुलिन जेवण नसलं तरी लागतंच, साखर आणि किटोन्स दर काही तासांनी बघून मात्रा बदलतात. आणि बरेच दिवस घेत असलेलं स्टिरॉइड. तापात त्याची मात्रा साधारण दुप्पट करायला सांगतात. गोळी उलटून पडत असेल तर इंजेक्शनसाठी त्याच दिवशी रुग्णालयात जायचं.